ढगाचें बीज



आषाढांत बीड जिल्ह्यावरून काळे ढग जातात, शेतकरी मान वर करून पाहत राहतो, आणि पुष्कळदां ते न बरसतांच पूर्वेकडे निघून जातात. आपला जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत आहे, हें मुख्य कारण तुम्ही भूगोलांत शिकलांच आहां. परंतु दुसरें एक कारण ढगाच्या पोटांत असूं शकतें. तें म्हणजे हवेंतील सूक्ष्म कण.

१८८० सालीं जॉन एटकिन या स्कॉटिश शास्त्रज्ञानें दोन पात्रें घेतलीं. एकांत साधी हवा होती, दुसऱ्यांत कापसांतून गाळलेली. दोहोंत वाफ सोडतांच पहिल्यांत दाट धुकें झालें. दुसऱ्यांत मुळींच नाहीं. अर्थात् वाफेचा थेंब होण्यास कणाचा आधार लागतो.

कांहीं कण समुद्राच्या फेसांतील मिठाचे, कांहीं धुळीचे, कांहीं धुराचे असतात. कांहीं तर हवेंतच जन्मतात. गंधकाम्ल, अमोनिया व झाडांपासून निघालेल्या बाष्पांचे रेणू एकत्र येऊन अतिसूक्ष्म कण होतो. त्यावर आणखी बाष्पें बसतात, कण कणास चिकटतो, आणि तो वाढत जातो. धुरांतील ताजी काजळी पाण्यास जवळ करीत नाहीं. पण प्रवासांत तिच्यावर क्षारांचा लेप चढला, कीं तीच पाणी ओढूं लागते.

ढगांतील थेंब साधारणतः मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो. असे सुमारें १० लाख मिळतील तेव्हां पावसाचा एक थेंब होतो. एक घागर पाणी १० जणांस वांटलें तर प्रत्येकास तांब्याभर मिळेल. १००० जणांस वांटलें तर चमचाभर. कण फार झाले, म्हणजे ढगाचें पाणी असेंच वांटलें जातें. थेंब बारीक राहतात, एकमेकांवर आदळून मोठे होण्यास विलंब लागतो, आणि तेवढ्यांत ढग पुढें जातो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें २००९ सालीं विमानांतून अशा ढगांचा अभ्यास आरंभिला. २०१८ व २०१९ सालीं सोलापुरास निवडक ढगांत पाणी ओढणारे क्षारकण सोडून पाहिले. कारण असा कण लवकर मोठा थेंब बनवितो. मात्र आकाशांत योग्य ढगच नसेल, तर हा उपाय चालत नाहीं.

पाऊस ईश्वराच्या हातीं आहे. परंतु उसाचें पाचट न जाळतां जमिनींत कुजविणें आपल्या हातीं आहे. त्याचा धूर ढगांत पोहोंचो वा न पोहोंचो, आपल्या मुलांच्या छातींत तर जातोच.