काड्यांचा त्रिकोण

चौकोनाची व्याख्या मुलं घडाघडा म्हणतात. पण तो दाबला तर काय होईल, विचारून पाहा!

१९७८ साली टेल्कोतले अभियंते अरविंद गुप्ता रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या जोडल्या. नळीच्या छोट्या तुकड्यात दोन बाजूंनी काड्या खोचायच्या, की झाला कोपरा. चार काड्यांचा चौकोन बोटानं दाबताच कलंडतो, त्रिकोण मात्र जागचा हलत नाही. छपराच्या कैचीत त्रिकोण का, हे चौथीतलं मूल मग आपणच सांगतं.

गोंगाट होतो, अभ्यासक्रम मागे पडतो, ही शिक्षकांची तक्रार खोटी नाही. भरगच्च वर्गात तर हे अवघडच. घरी सुट्टीत मात्र जरूर करा. काड्या लाकडी घ्या, मेणाच्या वाकतात. आणि गुल आधी मोठ्या माणसानं खरवडून टाकावा.