तापली की मिस मारते

सकाळी सातला गाडीची काहीच तक्रार नसते. चोक ओढून चावी फिरवली की इंजिन लगेच धरतं, मिनिटभरात चोक आत ढकलला तरी एका लयीत चालत राहतं. सात रस्ता, पार्क चौक, तिथून तळ्याच्या बाजूनं परत घरी. कुठंही अडखळत नाही. दुपारी दोनला तीच गाडी विजापूर रस्त्यावर एखाद्या ट्रकला ओलांडायला घेतली, की तिसऱ्या गिअरमध्ये पेडल दाबताक्षणी दबते, झटके मारते, आणि मागून सायलेन्सरमध्ये 'फट्' असा आवाज येतो. मागच्या मे महिन्यात हे रोजचंच झालं होतं.

गाडी १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी, वडिलांनी घेतलेली. घरात आणि गल्लीत सगळे तिला फियाटच म्हणतात. सोलापूरला ही गाडी परकी नाही. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी करणारे वालचंद हिराचंद १८८२ साली इथेच जन्मले. त्यांच्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघू लागली, तीच पुढे पद्मिनी झाली. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेल्या. आमची अजून चालते, आणि चालत राहावी असं मला मनापासून वाटतं. वडिलांनी बॉनेटच्या आतल्या बाजूला ऑइल बदलल्याच्या तारखा रंगानं लिहून ठेवल्यात. त्या यादीत माझ्या हातची भर पडत राहावी, एवढीच इच्छा.

तोवर दोन गॅरेज झाली होती. पहिल्या ठिकाणी 'फुल ट्युनिंग' म्हणून चारही प्लग, पॉइंट, कंडेन्सर नवे टाकले आणि कार्बोरेटर खोलून धुतला. आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुसऱ्या ठिकाणी कॉइल बदलली आणि कार्बोरेटर पुन्हा खोलला. दोन्हीकडे गाडी सकाळी दिली, संध्याकाळी घेतली. दुपारच्या उन्हात ती कुणी चालवलीच नाही.

तिसऱ्यांदा अक्कलकोट रस्त्यावरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. सत्तरीकडे झुकलेले, आयुष्य फियाट आणि ॲम्बॅसडरच्या इंजिनांवर गेलेलं. मी बॉनेट उघडायला लागलो तर हातानंच थांबवलं.

"मालक, आधी सांगा. थंड असताना मारते का तापल्यावर?"

"तापल्यावर."

"एकसारखी मारते, का मधनंच?"

"मधनंच."

"लोडवर, का उभी असताना पण?"

याचं उत्तर मला नीट देता येईना. त्यांनी गाडी चालू ठेवायला सांगितली आणि मागं जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला. बराच वेळ धरला. चार सिलिंडरचं इंजिन नीट चालत असेल तर हवेचे धक्के हाताला सारख्या अंतरानं लागतात. एखादा सिलिंडर मेला असेल तर दर चौथा धक्का गायब होतो आणि बोट चुकलेल्या तबल्यासारखं ते हातालाच कळतं. चाचांनी मलाही हात धरायला लावला. धक्के सारखे होते.

मग सोलापुरी चादरीचा एक जुना तुकडा मडगार्डवर टाकून ते इंजिनावर वाकले. रबरी मुठीच्या पकडीनं प्लगच्या वायरी एकेक काढून परत बसवत गेले. वायर काढली की तो सिलिंडर बंद पडतो आणि इंजिनाचा आवाज खाली बसायला हवा. काढूनही फरक पडला नाही, तर रोगी तोच. चारही वेळा आवाज सारखाच बसला.

"दुखणं आत्ता हजर नाही. मी काय बघू?" चाचा हात पुसत म्हणाले. "उद्या दोनला या. ऊन डोक्यावर पाहिजे."

हे वाक्य मला फार मोलाचं वाटलं. आधीच्या दोन्ही गॅरेजांत अंदाजावर भाग बदलले गेले होते. दुखणं समोर आणून मग त्याला हात घालायचा, असं म्हणणारा माणूस पहिल्यांदा भेटला होता.

दुसऱ्या दिवशी पारा बेचाळिसाच्या वर होता. आम्ही तुळजापूर रस्ता धरला. चाचा शेजारी, मांडीवर बिस्किटाचा पत्र्याचा डबा, पायाशी पाण्याचा कॅन आणि एक टॉवेल. तामलवाडी मागं पडेपर्यंत गाडी गुणी होती. तुळजापूरच्या घाटाला लागलो, तिसरा टाकला, पेडल दाबलं आणि पहिला झटका बसला. चाचांनी डोळे मिटून घेतले. पुढच्या वळणावर सलग तीन-चार झटके आले. "चावी बंद, क्लच दाबा, बाजूला घ्या," ते म्हणाले.

इंजिन मिस मारत असताना बंद केलं, की प्लग त्या क्षणाची साक्ष देतात. मिनिटभर नुसतं चालू ठेवलं तरी ती पुसली जाते. चारही प्लग काढून त्यांनी चादरीवर ओळीनं मांडले. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा भाजलेला रंग म्हणजे पेट्रोल कमी, तेलकट काळा म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या वाटेनं ऑइल येतंय. नीट जळणाऱ्या प्लगचा रंग दुधाच्या चहासारखा असतो. आमचे चारही थोडे काळसर होते, पण एकसारखे.

"चारीचं दुखणं एकच आहे. मग ते चारींच्या सामायिक जागेत असणार," चाचा म्हणाले.

सगळ्या तपासणीचा कणा इथं आहे. मिस एकाच सिलिंडरची असेल तर शोध तेवढ्यापुरता: त्याचा प्लग, त्याची वायर, त्याचा व्हॉल्व्ह. मिस कुठलीही, कशीही पडत असेल तर चौघांना जे एकाच ठिकाणाहून मिळतं तिकडं जायचं: पेट्रोल, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, रोटर. चाचांच्या मुलाकडे नव्या गाड्यांसाठी स्कॅनर आहे. त्यावर पी०३०१ आला तर एक नंबरचा सिलिंडर, पी०३०० आला तर कुठलाही. सायलेन्सरशी धरलेला तळहात आणि हे यंत्र पहिला प्रश्न एकच विचारतात.

आता उरले उन्हात बिघडणारे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पहिला संशय पेट्रोलवर जातो. इंजिनाला चिकटलेला पेट्रोल पंप तापला की नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटरला पुरवठा तुटतो. जुने ड्रायव्हर यावर पंपाला ओलं फडकं गुंडाळतात, गाडी दहा मिनिटं उभी करतात, आणि ती नीट चालू लागली की म्हणतात, पेट्रोलचाच दोष. चाचांचं म्हणणं असं, की यात फसगत आहे. दहा मिनिटांत पंप गार होतो, तशी कॉइलही होते, कंडेन्सरही होतो. बरं कशानं झालं ते कळतच नाही.

म्हणून प्लग लावून त्यांनी इंजिन लगेच चालू करायला सांगितलं आणि पेडल अर्धं दाबून ठेवायला लावलं. उभ्या गाडीतही मिस येत होती. मग चालू इंजिनावरच पंपाला टॉवेल गुंडाळून वरून पाण्याची धार सोडली. वाफ उठली. आवाजात तसूभर फरक पडला नाही.

"पेट्रोल सुटलं," ते म्हणाले.

इंजिन बंद करून त्यांनी डेल्कोचं, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं, झाकण काढलं, रोटर उपसला. कॉइलमध्ये बॅटरीचे १२ व्होल्ट असतात. पॉइंट उघडले की तो प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्यातून प्लगसाठी हजारो व्होल्टचा झटका उभा राहतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारत असेल तर पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात. उघडताना प्रवाहानं फटीतून उडी मारू नये म्हणून तो क्षणभर झेलून धरायचं काम कंडेन्सरचं. चाचांनी चावी ऑन ठेवायला सांगितली आणि मिटलेले पॉइंट पेचकसाच्या टोकानं उघडले. उन्हातही दिसेल अशी जाड पिवळसर ठिणगी पडली. पुन्हा उघडले, पुन्हा ठिणगी.

"ही इथं पडायला नको. इथं पडली म्हणजे प्लगला काय उरलं?"

पॉइंटची तोंडं निळी पडली होती, एकावर खड्डा, दुसऱ्यावर उंचवटा. दोन महिन्यांपूर्वीचे पॉइंट होते ते. कंडेन्सरही तेवढाच नवा, आणि नवा म्हणूनच त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. अंगठ्याच्या पेराएवढी ॲल्युमिनियमची डबी, एक वायर, एक स्क्रू. आतलं इन्सुलेशन गार असताना टिकतं, तापलं की दगा देतं.

चाचांनी बिस्किटाच्या डब्यातून दुसरा काढला. तोही जुना, एका मोडीत निघालेल्या फियाटचा. "हा तीस उन्हाळे चाललेला आहे, त्याची परीक्षा झाली," म्हणाले. पॉइंटवरून कानस फिरवली, फिलर गेजनं फट जुळवली, कंडेन्सर बसवला. इंजिन तापलेलंच होतं. चालू केलं, पेडल अर्धं दाबलं. मिस नाही.

माझ्या मते काम झालं होतं. त्यांच्या मते नव्हतं. त्यांनी तो चांगला कंडेन्सर काढला आणि दोषी परत लावला. दोन-तीन मिनिटं इंजिन नीट चाललं, कारण हातात तो गार झाला होता. मग आचेनं तापला आणि मिस परत आली. तेव्हाच चाचा पहिल्यांदा हसले आणि चांगला पुन्हा बसवला. रस्त्याकडेला, त्या उन्हात, बरी झालेली गाडी खात्रीसाठी पुन्हा आजारी पाडणारा मिस्त्री मी दुसरा पाहिलेला नाही.

घाट चढताना झटके गेले होते, पण पेडल दाबल्यावर गाडी क्षणभर दबायची ते राहिलंच. मी तसं सांगितलं. "ते वेगळं," चाचा म्हणाले. "दोन दुखणी एकाच नावानं सांगत होता तुम्ही."

ते गॅरेजमध्ये परतल्यावर पाहिलं. इंजिन बंद, एअर फिल्टर काढलेला. कार्बोरेटरच्या घशात बॅटरीचा उजेड टाकून त्यांनी हातानं थ्रॉटल झटकन उघडला. आत पेट्रोलची बारीक, ठाम पिचकारी उडायला हवी. पेडल अचानक दाबलं की हवा एकदम वाढते, पेट्रोल मागं पडतं, आणि तेवढ्या क्षणाची तूट ही पिचकारी भरून काढते. आमच्यात एक थेंब ओघळला. ॲक्सिलरेटर पंपाचा रबरी पडदा फुगून कडक झाला होता, कडेला चीर.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचाही त्यात वाटा. त्या काळच्या रबराला इथेनॉल मानवत नाही, ते पाणीही ओढून घेतं. पण सगळा दोष त्यावर टाकायला चाचा तयार नव्हते. पडदा मुळातच म्हातारा झालेला, ते म्हणाले. नवा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घातला, आणि पेट्रोलच्या नळ्याही तशाच बदलून घ्यायला सांगितलं. ते मी त्याच आठवड्यात केलं.

शेवटी टायमिंग. कॉइलहून डेल्कोकडे जाणाऱ्या वायरीला आणि बॉडीला छोटा बल्ब जोडून त्यांनी डेल्को केसाकेसानं फिरवला. पॉइंट उघडण्याच्या नेमक्या क्षणी बल्ब पेटला, तिथं नट आवळला. मग एक फेरी होटगी रोडला. चौथ्या गिअरमध्ये हळू चालवत पूर्ण पेडल दाबायला लावलं. इंजिनातून बारीक खडखड आली आणि वेग धरताच विरली. त्यांनी मान डोलावली.

परत आल्यावर तो दोषी कंडेन्सर मी आठवण म्हणून मागितला. चाचांनी दिला नाही. "डब्यात राहिला तर उद्या कुणाला तरी बसंल." ऐरणीवर ठेवून हातोडीनं चपटा केला आणि भंगाराच्या पिंपात टाकला. मग रंगाची डबी आणि काडी माझ्या हातात दिली, आणि मी बॉनेटच्या आत वडिलांच्या शेवटच्या ओळीखाली तारीख, किलोमीटर आणि 'कंडेन्सर, जुना' असं लिहिलं.