रात्री चढणारा काटा

आमचे मेहुणे ताथवड्याला राहतात. हे गाव २००९ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले आणि शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. पण मेहुण्यांच्या दारात अजून एक म्हातारा ट्रक उभा असतो. चाकण-भोसरीच्या कारखान्यांचा माल न्हावाशेव्याच्या बंदरावर पोचवायचा आणि रात्री बोरघाट चढून परत यायचे, हा त्याचा नेम. चालवणारे गृहस्थ वयाने ट्रकच्या दुप्पट. त्यांना सगळे मामा म्हणतात.

गेल्या भाऊबीजेला आम्ही उभयता तिथे गेलो, तो घरात सगळ्यांचे चेहरे ताठ. मामांनी नोकरी सोडली होती.

मेहुण्यांची तक्रार दुहेरी होती. मामा रात्री खोपोलीला गाडी थांबवतात, ‘पाणी तापलंय’ म्हणून दोन-दोन तास बसून राहतात. मेहुण्यांनी स्वतः भर दुपारी गाडी देहूरोडपर्यंत पिटाळून आणली होती. काटा मधल्या रेघेवरून हलला नव्हता! दुपारच्या उन्हात न तापणारी गाडी रात्रीच्या गारव्यात तापते, हे कोणाला पटावे? दुसरी तक्रार याहून वाईट. रात्री मामा अर्धी टाकी म्हणून सांगून जात, आणि सकाळी काटा पाव टाकीवर. मधले डिझेल कुठे गेले? ‘चोर’ हा शब्द कोणी उच्चारला नव्हता, पण पगारातून दोन हजार रुपये कापले गेले होते. मामा फक्त ‘हिशेब करून टाका’ म्हणाले होते.

मी जन्मभर कारकुनी केली. मोटारीतले मला ओ की ठो कळत नाही. पण संध्याकाळी मिस्त्री येणार होते, म्हणून मीही अंगणात खुर्ची टाकली. मिस्त्रींनी मामांनाही बोलावून घेतले. “रोग ज्यानं पाहिला त्यालाच विचारलं पाहिजे,” ते म्हणाले.

पाण्याचे तापमान दाखवणारी यंत्रणा मिस्त्रींनी मला समजावली. पूर्वीच्या कित्येक गाड्यांत इंजिनापासून काट्यापर्यंत ईथर भरलेली बारीक तांब्याची नळी असे. ती मुडपली की काटा मेला. आता इंजिनात पाण्यात बुडालेला एक सेंडर असतो. पाणी तापेल तसा त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो, आणि काटा वर सरकतो. मिस्त्रींनी सेंडरची वायर काढली. काटा तळाला गेला. म्हणजे वायर वाटेत कुठे बॉडीला लागलेली नव्हती. मग थंड इंजिनातून सेंडरच बाहेर काढला आणि स्वयंपाकघर गाठले. चिवड्याच्या पातेल्यावर त्यांचा डोळा होता, पण वहिनींनी अंघोळीचे दिले. उकळत्या पाण्यात सेंडर धरून मीटर लावला. (पुण्याच्या उंचीवर पाणी शंभराला नव्हे, अठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळते, हे मला या वयात कळले.) मीटरचा आकडा उतरत गेला, पाणी निवताच चढत गेला. सेंडर निर्दोष!

तो परत बसवला, पाणी भरले, इंजिन चालू करून तापू दिले. काटा मध्यावर. मेहुण्यांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. तोवर अंधार पडला होता. हत्यारे दिसेनात, म्हणून मिस्त्री म्हणाले, “मामा, जरा दिवे लावा.”

मामांनी बटण ओढले आणि काटा टुणकन लाल पट्ट्यात गेला. त्याच्याबरोबर शेजारचा डिझेलचा काटाही पावावरून अर्ध्यावर! दिवे विझवले, दोन्ही खाली. पुन्हा लावले, दोन्ही वर. कोणी काही बोलेना. करोनाच्या दिवसांत कपाळावर रोखत त्या धर्तीचे, पण इंजिनासाठीचे यंत्र मिस्त्रींनी थर्मोस्टॅटच्या झाकणावर रोखले. चौऱ्याऐंशी अंश. इंजिन ठणठणीत होते.

डॅशबोर्डवरचे काटे आणि तिथले बारके दिवे यांची वीज एकाच अर्थच्या वायरीने परत जाते. त्या वायरीचा स्क्रू गंजला होता. चाळीत खालची मोरी तुंबली की वरच्या बिऱ्हाडाचे पाणी शेजाऱ्याच्या मोरीत उसळते, तशातलाच प्रकार. दिवे बंद असताना गंजलेल्या वाटेने कसेबसे भागत होते; दिवे लागले की वीज तुंबे आणि काटे भलतीकडे जात. मिस्त्रींनी एक सुटी वायर तिथून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावताच दोन्ही काटे जागेवर आले. मग स्क्रू काढून, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासून पक्के आवळले. खर्च जवळजवळ शून्य.

मला मात्र राहवले नाही. “मामा, काटा खोटा आहे असं तुम्हाला कधी वाटलं नाही?”

“वाटलं की. पण पाणी गळून गेलं तर सेंडर कोरडा पडतो, आणि इंजिन जळत असताना काटा खाली येतो. तो वर असताना थांबलो तर दोन तास जातात. खाली बघून निर्धास्त राहिलो तर इंजिन जातं.”

मेहुण्यांनी टाकीत काठी घालून पाहिले. डिझेल पाव टाकीच होते, सकाळइतकेच. ते आत गेले आणि पाकीट घेऊन आले. मामांनी दोन हजार रुपये मोजून घेतले, वहिनींनी दिलेली फराळाची पिशवी सीटवर ठेवली. मग दिवे लावले, विझवले, पुन्हा लावले, आणि दोन्ही काट्यांकडे पाहत राहिले.