मूलपेशीची झोप आणि तिला येणारे निरोप

उंदराच्या गर्भात मेंदूचं बाह्य आवरण घडत असतं, तेव्हा कामाचा क्रम ठरलेला असतो. एकाच प्रकारच्या मूलपेशींपासून आधी चेतापेशी तयार होतात. मग त्यांची देखभाल करणाऱ्या ॲस्ट्रोसाइट आणि शेवटी चेतातंतूंवर मेदाचं वेष्टण चढवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट. हा क्रम राखतं कोण?

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे यांच्या गटाने याचा माग काढला. त्यात दोन प्रथिनं पुढे आली. ‘एफजीएफ’ हा ग्रोथ फॅक्टर पेशीला बाहेरून निरोप देतो, तर ‘फॉक्स-जी-१’ पेशीच्या केंद्रकात बसून जनुकांवर ताबा ठेवतं. बाहेरचा निरोप घ्यायला पेशीवर ग्राही लागतात; त्यातल्याच एका ग्राहीचं जनुक फॉक्स-जी-१ दाबून ठेवतं. फॉक्स-जी-१ काढून टाकलं, की चेतापेशी घडवण्याच्या ऐन काळातच मूलपेशी ॲस्ट्रोसाइट घडवू लागते. त्यातच एफजीएफचा निरोप क्षीण केला, तर ती ऑलिगोडेंड्रोसाइटकडे वळते. यातली विलक्षण गोष्ट अशी, की नुकत्याच जन्मलेल्या चेतापेशीही मूलपेशींना पुढच्या कामाचे निरोप धाडतात. माणसात फॉक्स-जी-१च्या जनुकातल्या बिघाडामुळे मुलांची वाढ खुंटते, त्यांना फिट्स येतात. म्हणून हे संशोधन केवळ उंदरांपुरतं नाही.

प्रौढ उंदराच्या मेंदूत प्रश्न वेगळा असतो. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये मूलपेशी असतात, पण बहुतेक निद्रिस्त, म्हणजे न विभागणाऱ्या. त्यांना झोपवतं कोण?

काचेच्या बशीत वाढवलेल्या मूलपेशींत ही झोप सहज दिसते. एफजीएफ-२ घातलं की मूलपेशी विभागत राहतात. त्याच्या जोडीला बीएमपी-४ हे निरोप देणारं दुसरं प्रथिन टाकलं, की विभाजन थांबतं, पण पेशी जिवंत असतात. बीएमपी-४ काढून घेतलं, की पुन्हा कामाला लागतात.

मग झोपलेल्या सगळ्यांनाच उठवावं का? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांच्या मूलपेशींमधला बीएमपीचा ग्राही निकामी केला गेला. सुरुवातीला विभाजन वाढलं, नव्या पेशी आल्या. पुढे मूलपेशींचा साठाच आटला आणि नव्या चेतापेशी कमी झाल्या. ही झोप म्हणजे मेंदूची शिल्लक आहे.

‘स्टेम सेल’च्या उपचारांनी मेंदू दुरुस्त करून देण्याच्या जाहिराती वाचताना हा प्रयोग जरूर आठवावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या आजारांसारख्या मान्य कारणांसाठी होणारं रक्तमूलपेशींचं प्रत्यारोपण वगळता, मूलपेशींचा रुग्णांवरचा वापर फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीतच करता येतो.