थांबलेली गाडी

जत्रेतील आकाशपाळणा असो वा करमणूक-उद्यानातील रोलर कोस्टर असो, त्याच्यापुढील रांग ही मनुष्यस्वभावाची एक लहानशी प्रयोगशाळाच असते. दीड तास ऊन सोसल्यावर माणूस फाटकापाशी पोहोचतो. पुढच्याच गाडीत आपणांस जागा मिळणार हे निश्चित होते. आणि नेमक्या त्याच क्षणी ध्वनिक्षेपकावरून सूचना येते की, तांत्रिक कारणामुळे गाडी काही काळ बंद राहील. मुलांचे चेहरे उतरतात. वडीलमाणसे घड्याळाकडे पाहू लागतात. फाटकावरच्या तरुण कर्मचाऱ्यावर प्रश्नांचा भडिमार होतो. गाडी केव्हा सुरू होणार? रांगेतील जागा सोडली तर पुन्हा मिळेल काय? तिकिटाचे पैसे परत मिळतील काय? त्या बिचाऱ्यापाशी यांपैकी बहुतेक प्रश्नांची उत्तरे नसतात.

हा वैताग अगदी स्वाभाविक आहे. तथापि ती गाडी का थांबली, हे समजून घेतले तर त्या थांबण्याकडे निराळ्या दृष्टीने पाहता येते. कारण अशा वेळी पुष्कळदा यंत्र मोडलेले नसते. काही तरी संशयास्पद आढळल्यामुळे त्याने स्वतःला थांबवून घेतलेले असते.

जुनीच तक्रार

ही तक्रार या करमणुकीइतकीच जुनी म्हणावी लागेल. १८८४ साली न्यूयॉर्कजवळील कोनी आयलंड येथे लामार्कस थॉम्पसन या गृहस्थांनी उतारावरून घरंगळणारी एक गाडी सुरू केली. भाडे होते पाच सेंट आणि वेग होता ताशी सुमारे सहा मैल, म्हणजे चपळ माणसाच्या चालीपेक्षा थोडासा अधिक. गाडी दुसऱ्या टोकास पोहोचली की उतारू खाली उतरत व नोकर ती ढकलून पुन्हा उंचावर नेत. अशा गाडीत बिघडण्यासारखे फारसे काहीच नव्हते.

पुढे यंत्रे वाढली, गर्दी वाढली आणि खोळंबाही वाढला. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अॅनाहाइम येथे डिस्नेलँडचे दार उघडले, तेव्हा बनावट आमंत्रणपत्रिकांमुळे अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक लोक आत शिरले. उष्मा तीव्र होता, पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे होते आणि एकामागून एक यंत्रे बंद पडत गेली. आज जगातील नमुनेदार व्यवस्थेचे उदाहरण म्हणून ज्या उद्यानाचे नाव घेतले जाते, त्याचा पहिला दिवस असा गेला.

उंचीची पुंजी

रोलर कोस्टर का अडते, हे कळण्यासाठी ते चालते कसे हे प्रथम पाहिले पाहिजे. जुन्या व साध्या प्रकारच्या रोलर कोस्टरच्या गाडीला इंजिन नसते. एक साखळी तिला पहिल्या उंच चढावर ओढून नेते आणि तेथे सोडून देते. त्यानंतरचा सारा प्रवास त्या उंचीच्या पुंजीवर होतो. उंचीमुळे लाभलेल्या स्थितिज ऊर्जेचे उतारावर गतिज ऊर्जेत रूपांतर होते, आणि पुढील चढावर गतीची पुन्हा उंची बनते. तीस मीटर उंचीवरून गाडी खाली आली आणि वाटेत काहीच घर्षण नसले, तर तळाशी तिचा वेग सेकंदाला सुमारे २४ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ८७ किलोमीटर होईल.

परंतु घर्षण असतेच. चाके, धारवे आणि समोरची हवा ही तिन्ही त्या पुंजीतून थोडाथोडा कर वसूल करीत असतात. म्हणून पुढचा प्रत्येक चढ पहिल्याहून बुटका ठेवावा लागतो. थंडीच्या दिवशी वंगण घट्ट होते व कर वाढतो. समोरून जोराचा वारा आला तर तो आणखी वाढतो. रिकाम्या गाडीची गोष्ट तर अधिक बिकट असते. हवेचा विरोध जवळजवळ तितकाच, पण वस्तुमान कमी, त्यामुळे तिचा वेग भरलेल्या गाडीपेक्षा लवकर मंदावतो. कधी कधी कर इतका चढतो की गाडी पुढील चढ ओलांडू शकत नाही. ती मागे घसरते, दोन चढांमधील दरीत झोके घेते आणि अखेरीस तेथेच निश्चल होते. तिला आपल्या बळावर तेथून निघता येत नाही.

एका खंडात एक गाडी

मोठ्या उद्यानांत एका वेळी रुळावर दोन, तीन किंवा त्यांहून अधिक गाड्या धावत असतात. पुढची गाडी दरीत अडकून पडली आणि मागची भरधाव आली, तर काय होईल हे सांगावयास नको. त्यावर उपाय म्हणून या धंद्याने आगगाडीकडून एक जुना नियम उसना घेतला आहे. संपूर्ण मार्गाचे अनेक खंड पाडावयाचे आणि एका खंडात एका वेळी एकच गाडी असू द्यावयाची. प्रत्येक खंडाच्या शेवटी गाडी हमखास थांबविता येईल अशी सोय असते; कोठे गतिरोधक, तर कोठे चढावरील साखळी. रुळालगतचे संवेदक गाडी आत आल्याची व बाहेर पडल्याची वर्दी देतात. पुढील खंड मोकळा झाल्याची वर्दी येईपर्यंत नियंत्रक यंत्र मागच्या गाडीस पुढे सोडीत नाही.

या व्यवस्थेचा स्वभाव संशयी ठेवलेला असतो आणि तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. एखादा संवेदक नादुरुस्त झाला, एखादी तार सैल झाली किंवा दोन संवेदकांच्या वर्दीत मेळ बसला नाही, तर नियंत्रक त्याचा अर्थ ‘मार्ग मोकळा नाही’ असाच घेतो आणि गाड्या थांबवितो. हेच तत्त्व गतिरोधकांतही दिसते. अनेक ठिकाणी गतिरोधकाचे जबडे स्प्रिंगच्या जोराने मिटलेले असतात आणि दाबाखालील हवेने ते उघडे धरावे लागतात. हवा निघून गेली तर ते मोकळे न राहता घट्ट आवळले जातात. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२ साली आगगाडीसाठी हवेच्या दाबावर चालणारा जो स्वयंचलित गतिरोधक सिद्ध केला, त्याचेही मर्म हेच होते की, नळी तुटली तर गाडी आपोआप थांबावी. चढावर जाताना उतारूंना जो ‘खट् खट्’ असा आवाज ऐकू येतो, तोही याच कुळातला. गाडीखालचा एक खटका दातेरी पट्टीवरील एकेक दात ओलांडीत जातो. साखळी तुटली तरी तो खटका दातात अडकतो आणि गाडी मागे घसरत नाही.

ज्या यंत्रास शंका आली की थांबावयास शिकविले आहे, ते अधूनमधून निष्कारणही थांबणार. ही त्या सुरक्षिततेची किंमत होय. ती रांगेतल्या माणसांना वेळेच्या रूपाने मोजावी लागते.

रांगेचे गणित

ही किंमत नेमकी किती, हे एका साध्या हिशेबावरून कळेल. समजा, एका गाडीत १६ माणसे बसतात आणि दर मिनिटास एक गाडी सुटते. म्हणजे तासाला ९६० माणसांची सोय झाली. नवी माणसे तासाला ८०० या प्रमाणात येत आहेत असे धरू. सारे सुरळीत असताना रांग मुळीच वाढत नाही. आता गाडी अर्धा तास बंद पडली. तेवढ्या वेळात ४०० माणसे साचतात. गाडी सुरू झाल्यावर दर तासाला ९६० माणसे निघून जातात खरी, पण त्याच वेळी नवी ८०० येतच असतात. साचलेली रांग तासाला अवघ्या १६० माणसांनीच कमी होते. ती पूर्ण ओसरण्यास अडीच तास लागतात.

अर्ध्या तासाच्या बंदीचा परिणाम अशा रीतीने तीन तास जाणवतो. सायंकाळी आलेल्या माणसाला दुपारच्या बिघाडाची वार्ताही नसते, पण त्याची शिक्षा तोही भोगतो. रांगांचा शास्त्रीय विचार कोपनहेगन येथील दूरध्वनी कंपनीतील गणिती आग्नेर एर्लांग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू केला. त्यांच्यापुढे दूरध्वनीच्या जोडण्यांचा प्रश्न होता. पण त्यांच्या शास्त्राने दिलेला धडा सर्वत्र सारखाच लागू पडतो. आपल्या शक्तीच्या अगदी काठोकाठ चालविलेली व्यवस्था लहानशा अडथळ्यानेही दीर्घकाळ विस्कळीत होते.

म्हणूनच गर्दीच्या दिवशी बंद पडलेली गाडी शक्य तितक्या लवकर सुरू करावी, असा दबाव कर्मचाऱ्यांवर येतो. तो दबाव किती घातक ठरू शकतो, याचे एक दुःखद उदाहरण इंग्लंडमध्ये घडले.

२ जून २०१५

स्टॅफर्डशायर परगण्यातील आल्टन टॉवर्स या उद्यानात २०१३ साली ‘स्मायलर’ नावाचे रोलर कोस्टर सुरू झाले. उतारूंना चौदा वेळा उलटे फिरविण्याचा विक्रम त्याच्या नावावर होता व लोक त्यासाठी दूरदूरहून येत. २ जून २०१५ रोजी वारा जोराचा होता. गाडीत बिघाड झाल्याचे कळल्यावर तंत्रज्ञ आले. दुरुस्तीनंतर चाचणीसाठी रिकामी गाडी सोडण्यात आली. ही रिकामी गाडी वाऱ्याच्या विरोधामुळे एक चढ ओलांडू शकली नाही आणि दरीत अडकून पडली. रुळावर नेमक्या किती गाड्या आहेत याविषयी तंत्रज्ञांत गैरसमज होता. ती गाडी तेथे उभी आहे, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

त्यानंतर सोळा उतारूंना घेऊन दुसरी गाडी सुटली. नियंत्रक यंत्राने तिला चढावरच थांबविले. पुढील खंड मोकळा नाही, हे त्याला ठाऊक होते. आपले काम त्याने चोख केले होते. परंतु यंत्राचीच काही चूक होत असावी, असा तंत्रज्ञांचा समज झाला. त्यांनी त्याचा निर्णय बाजूस सारून गाडी हाताने पुढे सोडली. ती गाडी रिकाम्या गाडीवर जाऊन आदळली.

सोळाही उतारू जखमी झाले. त्यांपैकी पाच जणांच्या जखमा गंभीर होत्या. दोन तरुण मुलींचा एकेक पाय कापावा लागला. जमिनीपासून सुमारे सहा मीटर उंचीवर, तिरक्या अवस्थेत अडकलेल्या सर्वांना सोडविण्यास चार तासांहून अधिक काळ लागला. शासकीय तपासात रूळ, गाड्या आणि गाड्यांमध्ये अंतर राखणारी नियंत्रक यंत्रणा यांत कोणताही दोष आढळला नाही. दोष आढळला तो कामाच्या व्यवस्थेत. गाडी लवकर सुरू करण्याचा दबाव एका तंत्रज्ञास जाणवत होता, ही गोष्टही न्यायालयापुढे आली. सप्टेंबर २०१६ मध्ये स्टॅफर्ड येथील न्यायालयाने उद्यान चालविणाऱ्या कंपनीस पन्नास लाख पौंड दंड केला.

गाडी थांबली होती, तोपर्यंत कोणाच्याही केसाला धक्का लागला नव्हता. ती थांबू नये असे वाटणाऱ्या माणसांमुळे अनर्थ घडला.

धीराचे मोल

याच्या उलट उदाहरणही देता येईल. अमेरिकेतील ओहायो राज्यात सीडर पॉइंट नावाचे उद्यान आहे. तेथील ४२० फूट उंचीच्या रोलर कोस्टरची पुनर्रचना होऊन मे २०२४ मध्ये ते नव्या रूपात खुले झाले. काही दिवसांतच गाड्यांत सुधारणा करणे आवश्यक असल्याचे दिसून आले आणि ते बंद करण्यात आले. त्या वर्षीचा सारा हंगाम ते बंदच राहिले. केवळ त्यासाठी प्रवास आखलेल्या हजारो लोकांची निराशा झाली असेल, यात शंका नाही. २०२५ साली ते पुन्हा सुरू झाले. निराश होऊन परतलेला माणूस पुन्हा येऊ शकतो. अपघातात गमावलेला पाय परत येत नाही.

मात्र रांगेतील माणसांनी मुकाट्याने सारे सोसावे, असा याचा अर्थ नव्हे. प्रतीक्षेच्या मानसशास्त्राविषयी डेव्हिड माइस्टर यांनी १९८५ साली काही सूत्रे मांडली. किती वेळ थांबावे लागेल हे ठाऊक नसले तर तोच वेळ अधिक लांब वाटतो. का थांबावे लागत आहे हे कोणी सांगितले नाही, तरी तो लांब वाटतो. रिकामा बसलेला माणूस गुंतलेल्या माणसापेक्षा लवकर कंटाळतो. कारण सांगितले, अंदाज दिला, सावली व पाणी दिले, तर तीच माणसे तासभर समजूतदारपणे उभी राहतात. ‘तांत्रिक कारण’ हे दोन शब्द उच्चारून गप्प बसणारी व्यवस्था स्वतःच संताप ओढवून घेते, आणि तो संताप पुढे तंत्रज्ञाच्या मनावर ओझे होऊन बसतो.

तेव्हा फाटकापाशी उभे राहून कोणी मूल विचारील की, गाडी का थांबली, तर त्याला उत्तर द्यावे की, पुढचा मार्ग मोकळा आहे याची तिला अजून खात्री पटलेली नाही. ती खात्री पटेपर्यंत दुरुस्ती करणाऱ्यास कोणी घाई करू नये. आइसक्रीमच्या गाडीकडे वळावे, रहाटपाळण्यात एक फेरी मारावी, किंवा सरळ घरी जावे आणि पुन्हा केव्हातरी यावे.