पोत्यांच्या थप्पीचे स्थैर्य आणि हमालांची सुरक्षितता

धान्य, साखर, सिमेंट अथवा खते यांच्या पोत्यांची थप्पी हे गोदामांतील इतके परिचयाचे दृश्य आहे की, तिच्याकडे बांधकाम म्हणून पाहण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः भिंतीला लागू पडणारे स्थितिशास्त्राचे नियम थप्पीलाही लागू पडतात. भेद इतकाच की, भिंत टिकण्यासाठी बांधतात आणि थप्पी उतरविण्यासाठीच रचतात. थप्पी उतरविण्याचा काळ विशेष धोक्याचा का असतो, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रत्येकी ५० किलोग्रॅम वजनाच्या पोत्यांचे २० थर रचले, तर तळाच्या पोत्यावर वरील १९ पोत्यांचा, म्हणजे ९५० किलोग्रॅम, भार येतो. अशा थप्पीची उंची ४.५ मीटर व रुंदी ६ मीटर आहे असे समजू. माल नेताना एका बाजूने सरळ उभी कापणी करीत गेल्यास अखेरीस १.५ मीटर रुंदीची पट्टी उरते. उंची तीच, आधार मात्र चतुर्थांश. ही पट्टी दगडासारखी एकसंध व ताठ असती, तर सुमारे १८ अंश कलेपर्यंत उलटली नसती. कारण तोवर गुरुत्वमध्यातून काढलेली लंबरेषा तळाच्या आतच पडते. परंतु या आकड्यावर विसंबणे घातक ठरेल.

पोते दबते, हे त्याचे कारण होय. ओल, उसवलेली शिवण, फरशीचा उतार किंवा तळाची मोडकी फळी यांमुळे एक कड दुसरीपेक्षा ७.५ सेंटिमीटर अधिक खचली, तर या पट्टीचा माथा २२.५ सेंटिमीटर सरकतो. तळावरील दाबाची वाटणी सरळ रेषेत होते असे गृहीत धरल्यास, खचलेल्या कडेवरील दाब सरासरीहून ४५ टक्क्यांनी वाढतो. वाढलेल्या दाबाने ती कड आणखी खचते, आणि खचण्याने दाब पुन्हा वाढतो. माथा ५० सेंटिमीटर सरकला, म्हणजे कल अवघा ६ अंश झाला, की विरुद्ध कडेवरील दाब शून्यावर येतो. मूळच्या ६ मीटर रुंदीच्या थप्पीत तेवढ्याच खचण्याने कडेवरील दाब ३ टक्क्यांनीही वाढला नसता. थप्पी लहान होत गेली म्हणजे धोका कमी होत गेला, हा समज किती फसवा आहे, हे यावरून ध्यानी येईल.

यात घर्षणाचाही भाग आहे. तागाचे खरखरीत पोते शेजारच्या पोत्याला धरून राहते. विणलेल्या प्लास्टिकची गोणी गुळगुळीत असल्याने लवकर घसरते. म्हणून गोणी बदलली की थप्पीची उंचीही नव्याने ठरविली पाहिजे.

कायद्याने हमालाच्या ओझ्याचा विचार केला आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३४ व्या कलमाने इजा होण्याचा संभव असलेले ओझे कामगारास उचलावयास लावण्याची मनाई केली. १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने कमाल वजनाविषयी १२७ क्रमांकाचा करार संमत केला, व त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोग्रॅमची मर्यादा सुचविली. भारताने या करारास २०१० मध्ये मान्यता दिली. महाराष्ट्रात माथाडी कामगारांसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. तथापि माथ्यावरचे ओझे आणि शेजारी उभे असलेले ओझे हे दोन निराळे प्रश्न आहेत. थप्पीची उंची जागेच्या टंचाईवरून ठरते, आणि उतरविण्याचा क्रम दाराशी उभ्या असलेल्या ट्रकच्या घाईवरून. यांपैकी एकही निर्णय हमालाचा नसतो. थप्पी कोसळल्यावर त्याच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखविणे म्हणूनच न्याय्य नव्हे.

उपाय साधे आहेत. थर आडवे-उभे आलटून-पालटून रचावेत, म्हणजे सांधे एकावर एक येत नाहीत. तळाशी सपाट, धडक्या फळ्या असाव्यात. माल वरून, पायऱ्या पाडीत उतरवावा. तळाचे वा मधले पोते कदापि ओढू नये. उंची रुंदीच्या मानाने वाढू लागताच वरचे थर आधी कमी करावेत. रोज काम सुरू होण्यापूर्वी माथ्यावरून ओळंबा सोडून कल मोजावा व तो नोंदवहीत लिहावा. आजचा कल कालच्यापेक्षा अधिक भरला, तर थप्पी अद्याप हलत आहे असे समजून तिच्या पायथ्याशी कोणासही उभे राहू देऊ नये.