पदपथावर उभी केलेली गाडी

गेल्या पावसाळ्यांत अमरावतीस जयस्तंभ चौकाजवळच्या एका कापडाच्या दुकानापुढें मीं माझी स्कूटर उभी केली आणि दहा मिनिटांच्या आंत परत आलों. घरीं पोहोंचतों न पोहोंचतों तोंच फोनवर संदेश आला: पदपथावर गाडी उभी केल्याबद्दल 500 रुपये दंड. श्रोतेहो, अशा वेळीं आपण जें म्हणतों तेंच मींही म्हटलें. तेथें मनाईची पाटी कोठें होती? ओळीनें वीस गाड्या उभ्या असतांना माझीच तेवढी कशी दिसली?

वकिली करणाऱ्या एका मित्राकडे मीं हें गाऱ्हाणें नेलें. त्यानें एकच विचारलें, “चलानाबरोबरचें छायाचित्र पाहिलेंस काय?” मीं पाहिलें नव्हतें. दोघांनीं मिळून पाहिलें. स्कूटरचीं दोन्ही चाकें गट्टूंच्या फरसबंदीवर होतीं, आणि तिला वळसा घालण्याकरितां एक वृद्ध बाई हातांत पिशवी घेऊन भर रस्त्यांत उतरलेली दिसत होती. माझें भांडण तेथेंच संपलें. परंतु प्रत्येकाचें भांडण असेंच संपावें असें नाहीं, म्हणून कायदा काय म्हणतो तें सांगतों.

पाटीचा मुद्दा पदपथाच्या बाबतींत मुळींच टिकत नाहीं. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचें 122 वें कलम सार्वजनिक जागीं इतरांस धोका, अडथळा वा विनाकारण त्रास होईल अशा रीतीनें गाडी सोडून जाण्यास मनाई करतें, आणि 2017 च्या वाहनचालन नियमावलींत पदपथाचा तर नांवानिशीं उल्लेख आहे. पाटी लागते ती एरव्हीं मोकळ्या असलेल्या रस्त्यावर मनाई करावयाची असल्यास. ‘इतरही उभे होते’ हा बचाव तर त्याहून पोकळ. शेजाऱ्याचा गुन्हा सुटला म्हणून आपला नाहींसा होत नाहीं. शिवाय 14 मे 2025 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अडथळारहित पदपथाचा हक्क घटनेच्या 21 व्या कलमांतील जीविताच्या हक्कांत येतो असें स्पष्ट केलें आहे. त्यामुळें छायाचित्रांतील त्या बाईंची बाजू आतां नुसत्या सभ्यतेची राहिलेली नाहीं.

मग तक्रार कशाची करावयाची? वस्तुस्थितीची. आपल्या वऱ्हाडांतील बाजारपेठांत पदपथ कोठें संपतो आणि दुकानाचा ओटा कोठें सुरू होतो हें कित्येकदां दुकानदारालाही सांगतां येत नाहीं. दोन्हींवर एकच फरशी असते. अकोल्याच्या गांधी रोडवरून वा टिळक रोडवरून चालून पाहावें म्हणजे कळेल. गाडी खरोखर खाजगी आवारांत असेल तर तो खरा मुद्दा आहे. मात्र कायद्यांत ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे जेथें लोकांस जाण्यायेण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा, हें लक्षांत असूं द्यावें. जागा दुकानदाराची आहे एवढें त्याचें तोंडी सांगणें पुरत नाहीं. नगर भूमापनाचा नकाशा किंवा मंजूर बांधकामाचा आराखडा हातीं असावा.

दुसरा मुद्दा पुराव्याचा. ऑगस्ट 2021 मध्यें केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167-अ हा नियम घालण्यांत आला. कॅमेऱ्यानें टिपलेल्या गुन्ह्याबद्दलचा हा नियम ज्या शहरांकरितां केला, त्यांच्या यादींत अमरावती आणि अकोला हीं दोन्ही आहेत. त्याप्रमाणें गुन्हा व क्रमांकाची पाटी स्पष्ट दाखविणारें छायाचित्र, दिनांक, वेळ, ठिकाण आणि मोडलेलें कलम हें सर्व सूचनेंत असावें लागतें, आणि ती सूचना 15 दिवसांच्या आंत पाठवावी लागते. यांत उणीव असेल तर ती नेमक्या शब्दांत लिहावी. रागाचीं चार पानें लिहिण्यापेक्षां असें एक वाक्य अधिक काम करतें.

तक्रार राज्य वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर किंवा ‘महाट्रॅफिक’ ॲपवर नोंदवितां येते. पण त्याआधीं दंड भरूं नये. आधीं भरूं, मग भांडूं, ही समजूत महागांत पडते. कलम 200 प्रमाणें तडजोडीची रक्कम भरली कीं प्रकरण मिटतें. पुढें कांहीं चालत नाहीं, तुमच्याविरुद्धही नाहीं आणि तुमच्या बाजूनेंही नाहीं. लोकअदालतींतही तडजोडच होते. तेथें निर्दोषपणाचा निवाडा मागणें व्यर्थ. तो हवा असल्यास दंडाधिकाऱ्यांपुढें उभें राहावें. कलम 177 खालील पहिल्या गुन्ह्यास तेथेंही 500 रुपयांहून अधिक दंड होत नाहीं, नंतरच्या प्रत्येकास 1500 पर्यंत होतो. खरें नुकसान बुडालेल्या दिवसांचें. तें ज्याचें त्यानें मोजावें.

अकोल्याच्या माझ्या एका स्नेह्यांनीं तें मोजलें नाहीं, आणि त्यांना मोजावेंही लागलें नाहीं. त्यांची गाडी 30 क्रमांकाची, म्हणजे अकोल्याची. चलान आलें अमरावतीच्या पदपथाचें, आणि त्या दिवशीं तर ते घराबाहेरही पडले नव्हते. छायाचित्र मोठें करून पाहिलें तेव्हां पाटीवरचा 8 हा 3 वाचला गेल्याचें दिसलें. शिवाय त्यांची गाडी काळी, आणि चित्रांतली लाल. त्यांनीं नोंदणीपत्राची प्रत आणि स्वतःच्या गाडीचीं दोन छायाचित्रें जोडून तीन ओळींची तक्रार केली. चलान रद्द झालें. मीं मात्र माझे 500 रुपये त्याच संध्याकाळीं भरले, आणि हल्लीं जयस्तंभाकडे जातांना स्कूटर दोन गल्ल्या अलीकडेच ठेवून पायीं जातों.